आत्यांची पालेभाजी

लहानपणी मला वरचेवर ताप यायचा, घसा सुजायचा, गुडघे ठणकायचे. चार दिवस शाळा बुडायची आणि मग सगळं विसरलं जायचं. त्याच तापाने हृदयाची एक झडप खराब करून ठेवलीय, हे कळायला चाळिशी उलटावी लागली. मी राहात्याला शाळेत गणित शिकवते. वरच्या मजल्यावर तास असला की अर्ध्या जिन्यात उभं राहून दम खावा लागायचा, आणि वजन वाढलंय म्हणून मी स्वतःची समजूत काढायचे. शेवटी नगरला तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं आणि छातीत धातूची नवी झडप बसली. आजूबाजूला शांत असलं की तिची टिकटिक ऐकू येते. सुरुवातीला नवऱ्याला वाटलं होतं, उशीखाली घड्याळ राहिलंय.

या झडपेवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागते, तीही जन्मभर. रक्त किती पातळ आहे हे मधूनमधून तपासायचं आणि जो आकडा येईल त्यावरून गोळी कमी-जास्त करायची. आकडा खाली गेला तर गाठीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. एवढं आम्हाला चांगलं समजलं होतं. खाण्यापिण्याबद्दलही नर्सने काहीतरी सांगितलं होतं, पण घरी सोडायच्या दिवशी माझं सगळं लक्ष घराकडे लागलेलं होतं. नवरा औषधं आणायला गेला होता. त्या सूचना कुणाच्याच डोक्यात राहिल्या नाहीत.

घरी आल्यावर कोल्हारहून सासूबाई माझ्याजवळ राहायला आल्या. मी त्यांना आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच रीत आहे. त्यांचं प्रवरेकाठी थोडं रान आहे आणि अजूनही त्या स्वतः खुरपायला जातात. मी नगरच्या लष्करी कॅम्पाशेजारी वाढलेली. आमच्या घरी चहा-पाव, अंडी, बटाटा, डाळभात असं चालायचं. पालेभाजी म्हणजे आईने कधीतरी केली आणि मी ताटाच्या कडेला सारून ठेवली, इतकाच संबंध. लग्नानंतर सणाला कोल्हारला गेलं की आत्या मला घोळाची नाहीतर तांदुळज्याची भाजी वाढायच्या आणि मी दोन घास खाऊन पाणी प्यायचे. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. आमच्यात भांडण नव्हतं, पण फार बोलणंही नव्हतं.

ऑपरेशननंतर माझं हिमोग्लोबिन बरंच खाली आलं होतं. चेहरा पांढराफटक, केस गळायला लागलेले, न्हाणीघरापर्यंत चाललं तरी पाय थरथरायचे. आत्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघर आपल्या ताब्यात घेतलं.

थंडीचे दिवस होते, त्यामुळे भाज्यांना तोटा नव्हता. गावाकडून कुणी ना कुणी येताना पिशवी घेऊन यायचं. शेवग्याचा कोवळा पाला असायचा, मेथी, करडई, हरभऱ्याची शेंडे खुडून आणलेली भाजी. चाकवत आत्या ताकात शिजवायच्या, वरून लसणाची फोडणी. शेवग्याचा पाला मूगडाळ घालून परतायचा. करडईला भरपूर लसूण आणि शेंगदाण्याचं कूट. सोबत बाजरीची भाकरी आणि वरून लिंबू पिळायचंच. जेवणावर मला लगेच चहा लागायचा, तो त्यांनी बंद केला. पालेभाजीतलं लोह लिंबाने अंगी लागतं आणि चहाने वाया जातं, हे मी शाळेत आरोग्याच्या तासाला मुलांना सांगतच होते. स्वतःच्या ताटात मात्र ते पहिल्यांदाच आलं.

पहिले काही दिवस मी औषधासारखं गिळलं. मग एके दिवशी चाकवताची दुसरी वाटी मागितली. आत्यांनी ती वाढली आणि पुढच्या आठवड्यात चाकवत तीनदा झाला.

खरंच फरक पडत गेला. गोळ्यांनी बिघडलेलं पोट साफ व्हायला लागलं. लोहाच्या गोळ्या चालू होत्याच, पण हिमोग्लोबिन जसं चढलं ते पाहून डॉक्टर बाईही खूश झाल्या. मी शाळेत रुजू झाले, जिना न थांबता चढले आणि वर पोचल्यावर कठड्याला टेकून उगाच हसले.

एकच गोष्ट जुळत नव्हती. रक्त पातळ असल्याचा तो आकडा सारखा खाली यायचा. डॉक्टरांनी गोळी थोडी वाढवली, आकडा पुन्हा खाली आला, पुन्हा वाढवली. गोळी चुकतेय का असं विचारलं, पण मी एकही दिवस चुकवलेली नव्हती. झडपेवर गाठ धरली तर काय, हा विचार घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. वाढवलेल्या गोळीवर आकडा एकदाचा जागेवर आला आणि आम्ही तो विषय सोडून दिला.

उन्हाळा लागायच्या सुमाराला आत्यांच्या भाचीचं लग्न ठरलं. गावातल्याच विहारात साधं लग्न होतं, पण आत्या आधीपासून गेल्या आणि नंतर कांदा काढणीसाठी तिकडेच थांबल्या. माझी शाळेत परीक्षेची गडबड. घरी आलं की बटाट्याची भाजी, खिचडी, वरणभात. पालेभाजी निवडत बसायला वेळ कुठे होता.

मग एका सकाळी दात घासताना बेसिनमध्ये बरंच रक्त दिसलं. टेबलाचा कोपरा लागला म्हणून दंडावर निळा डाग पडला होता, तो दोन दिवसांत तळहाताएवढा पसरला होता. नवऱ्याने शाळेला सुट्टी टाकायला लावली आणि रक्त तपासायला नेलं. दुपारी लॅबमधून फोन आला. आकडा फारच वर गेलाय, डॉक्टरांना लगेच कळवा, असं सांगितलं. डॉक्टरांनी फोनवर गोळी थांबवायला सांगून नगरला बोलावून घेतलं.

एसटीत मी खिडकीशी बसले होते. गाडी कोल्हारला थांबली, पुलावरून नदी दिसली. उतरून आत्यांना सांगून यावं असं मनात आलं, पण काय सांगणार होते? डोक्यात रक्तस्राव झालेल्या माणसांच्या ऐकलेल्या सगळ्या गोष्टी मला तेव्हाच आठवत होत्या. नवऱ्याने माझा हात धरला होता, तोही डाग टाळून, अगदी हलका.

डॉक्टर बाई वयाने आमच्यापेक्षा मोठ्या, शांत. त्यांनी तपासलं, पुन्हा रक्त घ्यायला लावलं, आणि मग प्रश्न सुरू केले. दुसऱ्या कुणी काही औषध दिलं का, अंगदुखीची गोळी घेतली का, काढा, चूर्ण असलं काही? सगळ्याला मी नाही म्हणत गेले. काहीच बदललेलं नाही, असं मी ठामपणे सांगितलं. त्यांनी जरा वेळ माझ्या जुन्या रिपोर्टांकडे पाहिलं आणि विचारलं, "घरात स्वयंपाक कोण करतं?"

"आई करते," नवरा म्हणाला. "पण ती सध्या गावाला आहे."

"त्या काय काय करून घालतात?"

मी भाज्यांची नावं घ्यायला लागले. शेवग्याचा पाला म्हटल्यावर त्या मान हलवायला लागल्या आणि चाकवतापर्यंत येईतो हसत होत्या. डॉक्टर हसल्या म्हणजे मी मरत नाही, एवढं मला कळलं आणि इतका वेळ आवळून धरलेले खांदे खाली आले.

त्यांनी समजावलं ते असं. हिरव्या पालेभाजीत लोह, कॅल्शियम, चोथा असतो, तसंच व्हिटॅमिन 'के'ही भरपूर असतं, आणि ते रक्त गोठायला मदत करतं. माझी गोळी नेमकं त्याच्या उलट काम करते. आत्या रोज भरपूर भाजी घालत होत्या, म्हणून गोळी कमी पडत होती. ती वाढवत वाढवत भाजीच्या जोडीला आणून ठेवली. मग एकाएकी भाजी बंद झाली आणि गोळी तेवढीच राहिली. झडप उत्तम होती. माझ्या शरीरात नवीन काही बिघडलेलं नव्हतं.

पालेभाजी आता सोडूनच देते, असं मी म्हणाले. त्या लगेच गंभीर झाल्या.

"सोडायची नाही. तुमचं रक्त त्या भाजीनेच भरून आलंय. रोज खा, पण रोज सारखीच खा. गोळी किती द्यायची ते आम्ही बघू."

तिथे रात्रभर थांबवून घेतलं, औषध दिलं, दुसऱ्या तपासणीत आकडा उतरायला लागला होता. गोळी परत कधी आणि किती सुरू करायची, रोज भाजी किती खायची ते समजावून, पुन्हा तपासणीला यायला सांगून सोडलं. परत येताना आम्ही कोल्हारला उतरलो.

आत्या अंगणात कांद्याची पात कापत बसल्या होत्या. नवऱ्याने सगळं सांगितलं. त्याने सांगायची सुरुवातच जरा चुकीची केली, भाजीमुळे आकडा बिघडला होता, अशी. आत्यांचा हात थांबला. त्या माझ्या दंडावरच्या डागाकडे बघत राहिल्या.

"म्हंजी माज्याच भाजीनं तुला तरास झाला," त्या म्हणाल्या. "मी आपली बरी व्हशील म्हून घालत हुते."

मी त्यांच्याजवळ खाली बसले. म्हणाले, "आत्या, भाजीने मी उभी राहिले. त्रास झाला तो भाजी बंद झाल्यावर."

त्यांनी ते मनाशी घोळवलं. "मंग मी लग्नाला आले म्हून झालं?"

"हो. तुम्ही नव्हता म्हणून झालं."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या, आणि मग आम्ही तिघंही हसलो. शेजारची बाई काय झालं म्हणून भिंतीवरून डोकावली. हसताना माझी हिरडी दुखत होती, तरी थांबवत नव्हतं.

मग त्यांनी नेमकं किती वाढायचं ते विचारलं. मी आतून रोजच्या वापरातली स्टीलची वाटी आणून दाखवली. एवढी, शिजवलेली, दोन्ही वेळची मिळून. त्यांना ते फारच थोडं वाटलं. भरल्या ताटातून माप काढायचं त्यांच्या जिवावर येत होतं, हे दिसत होतं. पण डॉक्टरांचा शब्द म्हटल्यावर त्यांनी ऐकलं.

कांदा अजून रानात होता, म्हणून त्या लगेच येऊ शकल्या नाहीत. तोपर्यंत भाजी मलाच करायची होती. मोबाईल ओट्यावर उभा करून मी त्यांना विचारायचे आणि त्या तिकडून सांगायच्या, मेथी धुतल्यावर पिळू नको, शेवग्याची काडी राहू देऊ नको, तांदुळज्याला पाणी घालायचंच नाही. माझी पहिली मेथी खारट झाली. दुसरी नवऱ्याने चाटूनपुसून खाल्ली. गोळीचं प्रमाण पुन्हा बसायला थोडे आठवडे गेले आणि मग आकडा जो स्थिरावला तो स्थिरावलाच.

आता आत्या पावसाळ्यात कोल्हारला असतात, थंडीत आमच्याकडे. उन्हाळ्यात भाजी महाग होते, मिळत नाही, तेव्हा दारातल्या कुंड्यांमधला राजगिरा आणि शेजाऱ्यांचा शेवगा कामी येतो. कुठे गावाला जायचं असलं की तिथे काय जेवण असेल याचा मी आधी विचार करते, आणि खाणं फार बदललं तर रक्त लवकर तपासून घेते. नवीन कुठलंही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेत नाही. एवढीच काय ती बंधनं आहेत आणि त्यांची मला आता सवय झालीय.

परवा मधल्या सुट्टीत लॅबचा मेसेज आला. आकडा ठीक होता. मी वर्गाबाहेर येऊन आत्यांना फोन लावला.

"ठीक हाय ना?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहे."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि नदीला पाणी सोडल्याचं, शेळी व्याल्याचं सांगायला लागल्या. घंटा होईपर्यंत मी ऐकत उभी राहिले.