तापलेली हलगी

जयंतीच्या मिरवणुकीत ते गाणं वाजलं की मला किळस येते. दुसऱ्या कुणाची नाही, माझीच. गारखेड्यातल्या खोलीत कॉम्प्युटरवर मीच ते बनवलंय.

हलगी वाजवायला सिल्लोडकडचे एक म्हातारे काका आले होते. त्यांनी आधी गच्चीवर कागद पेटवून हलगी शेकली. शेकली की कातडं ताणलं जातं आणि आवाज कडक निघतो. मग त्यांनी डोळे मिटून अख्खं गाणं एका दमात वाजवलं. कातडं थंड होऊन सैल पडत गेलं, तसा त्यांचा हातही बदलत गेला. मी "वा, काका!" म्हणालो, चहा पाजला आणि त्यांना बसस्टँडवर सोडून आलो.

परत आल्यावर त्यातला सुरुवातीचा कडक ठेका तेवढा कापून घेतला. त्याचा पॅटर्न केला आणि फरशा बसवाव्यात तसा कडव्याखाली, धृपदाखाली, पार शेवटपर्यंत चिकटवत गेलो. बाकीचं वाजवणं डिलीट. मंडळाची पोरं म्हणाली, "लई भारी!" डोंबलाचं भारी!

काका पुढच्या आठवड्यात मुद्दाम ऐकायला आले. हेडफोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून त्यांनी सगळं गाणं ऐकलं. चिडले असते तर बरं झालं असतं. हेडफोन काढून त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं,

"सर, ही हलगी थंडच व्हत नाय का?"