दादाचा रुंद पटर

रविवारी साताऱ्यात गोल्फची स्पर्धा होती. शेवटच्या होलपाशी क्लबच्या अध्यक्षांनी माझ्या भावाच्या हातातली काठी, त्याचा पटर, काढून घेतला आणि त्याला बाद केलं. महिन्याभरात भाऊ वारला.

दादा सैन्यात अकरा वर्षं गाड्या दुरुस्त करत होता. अधिकाऱ्यांच्या पिशव्या वाहता वाहता गोल्फ शिकला. सुटून आल्यावर त्याने कुपवाडला शेड घेऊन लेथ मशीन टाकलं. मी सांगलीत शाळेवर होतो. महिन्यातून एका रविवारी त्याच्या मोटारसायकलवरून आम्ही साताऱ्याला जायचो. तो खेळायचा, मी लिंबाखाली वाचत बसायचो. ही बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची वर्षं.

साताऱ्याच्या त्या माळावरच्या मैदानात हिरवळ नव्हतीच. होलभोवती वाळूत जळकं तेल कालवून दाबलेलं काळं अंगण असे. त्यावरून चेंडू होलमध्ये ढकलायचा तो पटरने. सगळ्यांचे पटर सुरीसारखे पातळ. चेंडू जरा कडेला लागला की काठी हातात फिरायची. दादाने पटरच्या डोक्यासाठी वीतभर पितळी पट्टी घेतली आणि दोन्ही टोकांना शिसं ओतलं. दोरीवरची डोंबारीण आडवा बांबू धरते ना, म्हणाला, तसंच. वजन टोकांना गेलं की डोलत नाही.

पहिल्याच दिवशी क्लबातल्या, साखर कारखान्याच्या इंजिनिअरने विचारलं, "कुळव कशाला आणलास रं गड्या? पेरणी हाय काय?" सगळे हसले, दादाही हसला. मग पटरला कुळव हेच नाव पडलं. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी कुणी नसताना तो हातात घेऊन सात-आठ चेंडू मारले आणि लय सरळ जातोय म्हणाले. चारचौघांत मात्र गप्प. अध्यक्ष वकील होते. त्यांचं मत असं की गोल्फ हाताचा खेळ आहे, वजनं लावायची हौस असेल त्याने किराणा दुकानात बसावं.

त्या रविवारी दादा अध्यक्षांच्या एक फटका पुढे होता. चेंडू होलपासून हातभर. अध्यक्ष पुढे झाले, पटर घेतला आणि असलं अवजार नियमात बसत नाही म्हणाले. दादा बाजूला झाला. साहेबापुढे बोलायची सवय सैन्याने मोडली होती. मी क्लबच्या कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं आणि उभ्यानेच दोनदा वाचलं. तसा नियम नव्हता. पान उघडून त्यांच्यासमोर धरलं.

"मास्तर," ते म्हणाले, "पुस्तकं शाळेत."

बुधवारी दादाने पटरचं डोकं कापलं, शिसं वेगळं केलं आणि पितळ मुशीत टाकून कुणाच्या तरी इंजिनाच्या दांड्याला लागणाऱ्या बुशी केल्या. कशाला मोडलास, मी विचारलं. पितळ चांगलं होतं, म्हणाला. त्यानंतर तो साताऱ्याला गेला नाही. एका दुपारी लेथपाशीच बसला, तो उठला नाही. हृदय आधीपासून खराब होतं, असं दवाखान्यात सांगितलं. मला ते पटलं. तरी मी अध्यक्षांना सोडायचं नाही असं ठरवलं, आणि वाट पाहिली.

दोन वर्षांनी डॉक्टरांच्या मुलाने परदेशातून रुंद डोक्याचा, टोकांना वजन असलेला पटर आणला. क्लबात सगळ्यांनी तो कौतुकाने हाताळला म्हणे. त्यात कुळव कुणालाच दिसला नाही. अध्यक्षांचे हात तोवर कापायला लागले होते, हातभरावरचा चेंडू चुकायचा. डॉक्टर आपला पटर देईनात. मग एक दिवस वकिलांची गाडी कुपवाडला दादाच्या शेडसमोर थांबली; शाळा सुटल्यावर मी तिथे असायचो.

झालं गेलं विसरून जा, म्हणाले. भावाचा पटर धूळ खात असेल तर द्यावा. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. आधी एक कागद लागेल म्हणालो. 'पटर नियमात होता आणि मी हरत होतो म्हणून तो बाद केला', एवढं स्वतःच्या हाताने लिहून आठवडाभर क्लबच्या फळ्यावर लावा. त्यांनी पाणी संपवलं. मग गेले.

पुढच्या रविवारी मी एसटीने साताऱ्याला गेलो. कागद फळ्यावर होता. अक्षर वाकडं, चार ओळी. इंजिनिअर तो वाचत होता; मला पाहून बाजूला सरला. मी टाचण्या काढल्या, कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

अध्यक्ष मागे येऊन उभे होते. पटर आणलास का, त्यांनी विचारलं. दादाने तो कधी आणि कसा वितळवला ते मी सांगितलं. आवाज चढवला नाही.

"मग हे लिहून का घेतलंस?"

"खरं होतं म्हणून."

त्यांनी खुर्ची शोधली. मी थांबलो नाही. एसटीत मला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

अध्यक्षही पुढे वारले. शेड विकली. कागद माझ्याकडे आहे.