जावयाला न वाढलेली पात

कोरियातल्या डोंगराकडच्या त्या गावात एक म्हण शेंबडी पोरंही फेकतात : वसंतातली बुचूची पहिली कापणी जावयालासुद्धा देऊ नये. बुचू म्हणजे लसणीच्या वासाची बारीक पात. हिवाळाभर मातीखाली निजून उठलेली, म्हणून ती अंगात रक्त भरते म्हणे. इतर बाया हे हसत हसत म्हणतात आणि जावयाच्या ताटात मुकाट वाढतातही. माल्सुनबाईनं मात्र ते अक्षरशः पाळलं. कसला हट्ट हा, देव जाणे!

तिच्या पाठीवर आणखी मुली नकोत म्हणून बापानं वैतागून तिचं नाव ठेवलेलं माल्सुन, शेवटची पोर. त्या बाईला पहिल्या मुलीवर मुलगा झाला, तेव्हा स्वर्ग दोन बोटं उरला. पुढे गिचॉल, तिचा वंशाचा दिवा, सेऊलला जाऊन उजेड पाडू लागला आणि परस सांभाळायला उरला जावई. दोक्सू दर वसंतात देगूहून यायचा, वाफे खणायचा, चुलीतली राख पसरायचा. सासू त्याच्यासाठी कोंबडी कापायची. पात मात्र नाही.

"सासूबाई, माझं खणणं चालतं, माझी राख चालते, मग माझ्या जिभेनं काय घोडं मारलंय?"

"कोंबडी खा की गप, जावईबापू!"

यंदा तो आला नाही. थंडीत त्याच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. परस कुणासाठी अडतं थोडंच? पेंढ्याखालून लसणीचे कोंब वर आले, विहिरीकाठचं ओलं गवत हिरवं झालं, जर्दाळू फुलला. राखेतून बुचूची लालसर टोकं निघाली आणि बघता बघता वाफा वीतभर झाला. माल्सुन रोज सकाळी तिथं उकिडवी बसायची. गिचॉल रविवारी येतो म्हणाला होता.

त्याआधी आली मुलगी, मिओक.

"आई, ह्यांना अन्न जात नाही गं. काल आपणहून म्हणाले, सासूबाईंच्या वाफ्यातली पात घातलेली पेज असती तर घोटभर घेतली असती. मूठभर दे."

"रविवारी गिचॉल येतोय. त्याचं झालं की दुसरी कापणी सगळी तुमचीच."

"तो गेल्या वर्षीही येणार होता."

"माझ्या दारात उभी राहून पोराबद्दल अभद्र बोलू नकोस! पालक ने, लसणीचे कोंब ने. हवं ते ने."

"राहू दे," मिओक म्हणाली आणि रिकामी पिशवी घडी घालून निघून गेली.

रविवारी माल्सुननं मासा खारवला, भात चढवला. फोन आला.

"आई, नाही जमत गं. पात? अगं, इथे दुकानात बारा महिने मिळते. ताईला देऊन टाक ना!"

देऊन टाक! तिनं कोयता घेतला आणि अख्खा वाफा मुळापासून बोटभर ठेवून सपासप कापला. राग पोराचा, निघाला पातीवर. मग ओल्या कागदात जुडी बांधून तिनं देगूची बस धरली.

मिओकनं दार उघडलं. आई घाईघाईनं म्हणाली, "गिचॉलला पोटभर वाढली हो. ही खास जावईबापूंसाठी राखून ठेवलेली."

"मघाशी त्याचा फोन आला होता मला."

माल्सुन जुडी पुढे धरून तशीच उभी. मिओकनं ती घेतली, उंबऱ्याच्या आत जमिनीवर ठेवली.

"अन्न आहे, फेकणार नाही. शेजारणीला देईन. पण कुणी नको म्हटलेलं मी ह्यांच्या ताटात वाढायची नाही. ते उष्टंच."

"अगं, आजारी माणूस आहे…"

"तेच तुला सांगायला आले होते मी."

आतल्या खोलीत दोक्सू खोकत होता. त्याला भेटून जा, असं मिओक म्हणाली नाही.