आत्याचं सोडलेलं इंजेक्शन

आत्या शाळेत कवायत शिकवायची. निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला लागली तरी घर म्हणजे तिला मैदानच वाटे. हाडं ठिसूळ झाल्याचं कळल्यावर तिने आणि माझ्या आईने एकदमच सहा-सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं. काही वर्षांत दोघींची हाडं सुधारली. त्याचं सगळं श्रेय आत्याने स्वतःच्या व्यायामाला देऊन टाकलं.

"हाडं मी कमावलीत, सुईने नाही," ती जेवताना म्हणाली. "बास झालं आता टोचून घेणं." मग आईकडे वळून म्हणाली, "तूही जायचं नाहीस."

"बरं वन्सं," आई म्हणाली. माझं डोकं तेव्हाच फिरलं होतं. आत्यापुढे बाबाही मूग गिळून बसायचे.

वर्षभरात बादली उचलताना आत्याच्या पाठीत कळ आली. उसण भरली म्हणत ती पंधरवडा तशीच हिंडली. शेवटी उठवेना, तेव्हा दवाखान्यात नेली. दोन मणके पिचले होते.

"व्यायाम चांगलाच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण हे इंजेक्शन असं सोडून देत नाहीत. बंद करायचंच तर त्याची तारीख येताच दुसरं औषध सुरू करून भरलेलं हाड राखावं लागतं. नाहीतर ते झपाट्याने जातं. तुमच्या भावजयीला सांगितलं होतं की मी, त्या इंजेक्शनला आल्या तेव्हा."

आत्याने पडल्या पडल्या आईकडे पाहिलं. "तू जात होतीस?"

"भाजी आणायला जाते म्हणून जायचे."

"आणि मला बोलली नाहीस?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कमरेला पट्टा लागला तरी जाब आईलाच. आणि आईचाही राग आला. एवढं ठाऊक असून ही बाई गप्प बसली.

आईचा आवाज जराही चढला नाही. "लग्न होऊन आल्यापासून काही सांगायला गेले की तुम्ही मला चारचौघांत वेड्यात काढत आलात. या वेळी म्हटलं, आपली पाठ आपण सांभाळावी."

आत्याने नजर छताकडे वळवली. मग म्हणाली, "ते दुसरं औषध आता चालेल का, विचार ना जरा."

आईने पिशवी उचलली. "त्या समोर उभ्या आहेत, वन्सं. तुम्हीच विचारा. माझ्याकडून ऐकायची तुम्हाला सवय नाही."