छत्तीस किलोंची जखमी

रोझलीनने अकरा वर्षांत एकतीस वेळा पाय मोडून घेतला, नऊ वेळा तिला झटका आला, आणि धुराने ती किती वेळा गुदमरली हे तर कोणालाच आठवत नाही. दर वेळी ती पावणेपाचला उठून बसायची, साडी झटकायची आणि सगळ्यांसाठी चहा ठेवायची.

नायगाव पूर्वेला केळुसकर सरांचे 'अभयछत्र' हे प्रशिक्षण केंद्र आहे. आग विझवणारे जवान आणि रुग्णवाहिकेवरचे मदतनीस तिथे तीन महिन्यांत तयार होतात. रोझलीन तिथली झाडलोट करणारी मावशी. माहेर-सासर दोन्ही पाचूबंदरच्या कोळीवाड्यातले, आवाज भर बाजारातला, पण अंगाने सुक्या बोंबलासारखी. वजन छत्तीस किलो. हिला उचलताना मुलांना घाम फुटत नाही आणि फोटोत चेहरे हसरे येतात, हे सरांच्या पहिल्याच वर्षी ध्यानात आले. तेव्हापासून प्रत्येक तुकडीच्या शेवटच्या सरावात जखमी म्हणजे रोझलीन, असा नियमच पडला.

तीही कामाला चोख. स्ट्रेचरवर स्वतःच चढायची, पदर खोचायची, दोन्ही कडा घट्ट धरायची. त्यामुळे पट्टे बांधायचा खटाटोप कोणी कधी केला नाही. जिन्याचे वळण आले की डोळे मिटूनच सांगायची, "बाबांनो, डावीकडं वला. पुढच्यानं जरा वर धरा." बेशुद्ध बाईने दाखवलेल्या वाटेने मुले सुखरूप खाली यायची. तीन मिनिटे दहा सेकंद! पाहुणे टाळ्या वाजवायचे आणि आणखी बारा जण समाजाचे रक्षण करायला मोकळे व्हायचे.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी तिच्या नवऱ्याच्या छातीत कळ आली. ऑगस्टीन पूर्वी होडीवर होता; गुडघे गेल्यापासून घरीच असतो. वजन एकशे चार किलो. घर जूचंद्रला तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. रुग्णवाहिका बारा मिनिटांत आली, हे मान्य करायलाच हवे. वर आलेली दोन्ही मुले 'अभयछत्र'चीच. त्यांनी ऑगस्टीनकडे पाहिले, मग एकमेकांकडे पाहिले.

"अंकल, थोडं चालाल का? हळूहळू. आम्ही धरतो ना."

"अरे, छातीत दुखतंय त्याच्या!" रोझलीन ओरडली.

"मावशी, तुम्ही असतात तर पटकन नेलं असतं," दुसरा अगदी मनापासून म्हणाला.

ऑगस्टीन चोपन्न पायऱ्या स्वतः उतरला. वाचला, ती देवाची कृपा. डॉक्टर मात्र कडाडले, "याला चालवत कोणी आणलं? पुन्हा असं केलंत, तर जिन्याखाली प्रेत पोचेल."

हे वाक्य रोझलीनच्या काळजात गळासारखे रुतले. पुढच्या खेपेला कळ येईल तेव्हा येणारी मुले आपल्याच हाताखालून गेलेली असतील आणि त्यांना फक्त आपल्यालाच उचलता येत असेल, या विचाराने तिची झोप उडाली. ती सरांकडे गेली.

"सर, मुलांना जड मानूस उचलायला शिकवा."

"मावशी, अभ्यासक्रमात वजनाचा उल्लेख नाही."

शिकवणाऱ्या संपदा मॅडम सहा वर्षे स्वतः रुग्णवाहिकेवर होत्या. त्यांनीही हेच सांगून पाहिले होते. तेव्हा सर म्हणाले होते, "मॅडम, नकारात्मक बोलू नका. सुरक्षा सप्ताह जवळ आलाय."

तो एप्रिलात आला. पाहुण्या आशालताबाई, एका मोठ्या गृहसंकुलाच्या अध्यक्षा. त्यांच्या रखवालदारांना शिकवायचे काम मिळावे म्हणून सरांनी गुच्छ, शाल आणि ढोकळा अशी तिहेरी तयारी ठेवली होती. पहिल्या मजल्यावरच्या वर्गात शिट्टी वाजली. रोझलीन उभीच.

"मावशी, आडव्या व्हा," सर दातांतून म्हणाले.

"मी नाय. अकरा वर्सं मरून मरून कंटाला आला. आज सर मरतील."

मुले फिसकन हसली. "ही चेष्टेची वेळ आहे का?" सर म्हणाले.

"चेष्टा कोन करतंय? तुमी अठ्ठ्यान्नव किलोचे. त्या दिवशी वजनकाट्यावर मीच वाचून दाखवलं ना?"

आशालताबाईंना कल्पना फार आवडली. "खरंच झोपा ना, सर! आमच्या संकुलात छत्तीस किलोचं कोणीच नाही."

काम हवे असलेला माणूस काय करणार? सर झोपले. चौघांनी स्ट्रेचर उचलला. सातव्या पायरीपर्यंत शौर्य टिकले. मग पुढचा भाग खाली कलला. पट्टे बांधलेले नव्हते आणि कडा धरायच्या असतात हे सरांना कोणी शिकवले नव्हते. ते घसरत निघाले आणि त्यांचे बूट विघ्नेश नावाच्या मुलाच्या छातीवर जाऊन टेकले.

"ठेवा! खाली ठेवा! मी चालतो!"

कठडा धरून सर उतरले. खाली रोझलीन उभी होती.

"असाच उतरला माजा ऑगस्टीन. फरक इतकाच, त्याच्या छातीत कल व्हती."

आशालताबाईंनी ढोकळ्याची बशी खाली ठेवली. सर फोटो काढणाऱ्याला म्हणाले, "एवढा भाग घेऊ नका."

अहवालात आले : सराव यशस्वी, रुग्ण स्वतःच्या पायांनी सुखरूप बाहेर. रोझलीनला जखमीच्या पदावरून काढले गेले आणि चाळीस किलोंच्या आतल्या नव्या बाईचा शोध सुरू झाला.

पण संपदा मॅडमनी मुलांना एवढेच विचारले, "शनिवारी तीन वाजता जूचंद्रला कोण येतंय? हजेरी नाही, सर्टिफिकेट नाही." सहा जण आले. त्यांत विघ्नेश होता, आणि फेब्रुवारीत आलेल्या दोघांपैकी एक, मान खाली घालून. शंभर किलो भरतील अशी मिठाची दोन पोती त्यांनी मॅडमनी आणलेल्या स्ट्रेचरवर बांधली आणि तिसऱ्या मजल्यावरून उतरवायला घेतली. पहिल्या दिवशी बावीस मिनिटे लागली, एक पोते फाटले आणि दुसऱ्या मजल्यावर चपलांच्या कपाटाने वाट अडवली. रोझलीनने ते कपाट उचलून गच्चीवर ठेवले.

"आंटी, आमचा शू-रॅक कुठे नेला?" दुसऱ्या मजल्यावरची ऋतिका तणतणत आली.

"वर. तुजा सासरा नव्वद किलोचा हाय. त्याला इचार, चपला पाहिजेत का जिना."

ऋतिकाने विचारले असावे. रॅक पुन्हा खाली आला नाही.

चौथ्या शनिवारी पोती नऊ मिनिटांत खाली पोचली. दारात खुर्ची टाकून बसलेला ऑगस्टीन म्हणाला, "आता मला न्या. डॉक्टरनं जिना बंद केला, होडीवरच्यांनी खुर्चीसकट वर आनून ठेवलं, तवापासून रस्ता बगितला नाय."

स्ट्रेचरचे सहाही पट्टे आवळले गेले. चोपन्न पायऱ्या, तीन वळणे. कोणी धापा टाकल्या, कोणी देवाचे नाव घेतले, पण ऑगस्टीनचा पाय जमिनीला लागला नाही. रोझलीन पुढे चालत होती आणि आज तोंडातून एक शब्द काढत नव्हती. खाली उन्हात त्याला खुर्चीवर बसवले, तेव्हा तिने पदराने डोळे टिपले आणि लगेच कोणी पाहिले तर नाही ना, म्हणून सगळ्यांकडे डोळे वटारून पाहिले.

तासभर त्याने येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी केली, मासळीच्या भावाला शिव्या घातल्या. मग म्हणाला, "चला, आता घरी."

मुलांनी संपदा मॅडमकडे पाहिले. मॅडमनी जिन्याकडे पाहिले. "वर न्यायचं मी अजून शिकवलं नाही," त्या म्हणाल्या.

"मंग शिकवा," रोझलीनने पट्टे पुढे केले, "उजेड हाय अजून."