पळालेल्या शिपायाची बायको

मथुराबाईच्या कपाळावरचं कुंकू हा ढाणकीच्या बौद्धवाड्यात बरीच वर्षं बोलण्याचा विषय होता. तिचा नवरा श्रावण इंग्रजांच्या फौजेत लॉरी चालवायचा. दुसरं महायुद्ध संपलं, आसपासच्या गावांतले शिपाई घरी आले, श्रावण आला नाही. मेला म्हणावं तर तशी तार आली नव्हती. जावा बेटावरून तो पळून गेला, म्हणून त्याचा पगार बंद, एवढंच फौजेनं कळवलं होतं. बाया म्हणायच्या, "आता कायचं कुंकू लावतं व?" मथुरा ऐकून घ्यायची आणि जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडायला निघून जायची.

सासरा लहानूजी पहिल्या महायुद्धातला शिपाई होता. त्या लढाईनंतर महारांची पलटण मोडली आणि भरतीचं दार बंद झालं. दुसऱ्या लढाईत ते पुन्हा उघडलं, तेव्हा हाच म्हातारा एकुलत्या एक पोराला घेऊन भरतीला गेला होता. गावचे शिकलेले लोक तेव्हा म्हणत होते, ही इंग्रजाची लढाई आहे, आपण कशाला मरायचं? लहानूजीनं कोणाचं ऐकलं नाही. आपल्या माणसांच्या अंगावर खाकी चढली की गाव वाकड्या नजरेनं पाहत नाही, हे त्यानं स्वतः अनुभवलं होतं. त्यामुळे पोरगा पळाला हे कळलं तेव्हा तो खचलाच. त्यानं चावडीवर जाणं सोडलं. घरात श्रावणचं नाव निघेनासं झालं. नात प्रभावती बापाचं काही विचारू लागली, की तो काठी घेऊन बाहेर पडायचा.

छप्पन सालच्या दसऱ्याला तिघं नागपूरला जाऊन धम्म घेऊन आली. घरातले देव पैनगंगेत सोडले. पुढे वाड्यातल्या एका कार्यकर्तीनं मथुराला सुचवलं, आता कुंकूही सोडावं. मथुरा म्हणाली, "देव सोडले, बाई. नवरा कसा सोडू? तो मेला असं कोणीच सांगतलं नाही मले."

दुसऱ्या वर्षी उत्तमसिंग आला. ढाणकीजवळच्या तांड्यातला हा बंजारा श्रावणबरोबर एकाच तुकडीत लॉरी चालवायचा. तो पुढेही फौजेत राहिला आणि आता पेन्शन घेऊन परतला होता. बाजारात त्याला पाहून मथुरा सरळ समोर उभी राहिली.

"भाऊ, तुम्ही त्याईच्या संगं होते. काय झालं ते सांगा."

उत्तमसिंगनं तिला लिंबाखाली बसवलं.

"वहिनी, जपान हरला तवा आमाले वाटलं, आता घरी जाऊ. त जहाजानं जावात नेऊन टाकलं. तिथं पहिले डच लोकाईचं राज होतं. जावाच्या लोकाईनं आपला झेंडा लावला होता, अन् डचाले आपलं राज वापस पाहिजे होतं. मधात आमी. ते लोक भिंतीवर आमच्यासाठी लिहून ठेवत, हिंदुस्तानी भाऊ, तुमी आमाले काहून मारता? आमी वाचू अन् पुढं जाऊ."

"मग?"

"एक दिवस एका गावातून गोळीबार झाला. साहेबानं हुकूम देला, गाव जाळा. शिपाई घेऊन गेली ती लॉरी श्रावणची होती. बांबूची घरं, घडीभरात गेली. संध्याकाळी तो मले म्हणे, उत्तम, आपल्या वाड्याले कोणी अशी आग लावली असती त? मी म्हणलो, गप बस, जेव. तो जेवला नाही. सकाळी त्याची लॉरी जाग्यावर होती. सीटवर वर्दीचा शर्ट घडी करून ठेवला होता. तो नव्हता."

"तुमाले सांगून नाही गेला?"

"नाही. सांगतलं असतं त मी जाऊ देलं नसतं."

त्या लोकांत जाऊन मिळालेले आणखीही काही हिंदुस्तानी शिपाई होते, असं उत्तमसिंगनं ऐकलं होतं. त्यातले काही मेले, काहींनी तिथेच घरं मांडली. श्रावणचं काय झालं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

मथुरानं घरी येऊन हे सगळं लहानूजीला सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. ऐकून एवढंच म्हणाला, "शिपायाले असा विचार करायची मुभा नसते."

प्रभावती तेव्हा उमरखेडला मावशीकडे राहून शिकत होती. एका सुटीत ती आली ती सांगतच, की जावाच्या लोकांना स्वातंत्र्य मिळावं म्हणून आपल्या देशानं मदत केली, असं गुरुजींनी वर्गात शिकवलं. मथुरा तिच्याबरोबर उमरखेडला गेली. यज्ञेश्वर गुरुजी भल्या घरचे, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी तिला खुर्ची दिली, सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे माझा माणूस चुकला नव्हता ना, गुरुजी?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "माणूस म्हणून नाही चुकला, बाई. पण शिपायानं हुकूम मोडला की तो गुन्हाच धरतात."

"हुकूम त इंग्रजाचा होता. इंग्रज त गेला."

"हो. पण त्याच्या वेळचा कायदा गेला नाही."

गुरुजी तिच्यासाठी दोन-तीन कचेऱ्यांतून फिरलेही. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, हे प्रकरण फौजेचं आहे, इथे काही होणार नाही. शेवटी त्यांनीच हात जोडले. मथुरानंही मग कोणाला काही विचारलं नाही.

बासष्ट साली प्रभावतीसाठी उमरखेडचं स्थळ आलं. मुलगा धर्मपाल एसटीत कंडक्टर होता, मुलीला त्यानं आधीच पाहून पसंत केलं होतं. मोठी माणसं बोलणी करायला आली, तेव्हा मथुरा चुलीजवळ चहा ठेवत होती. ओसरीवरचं बोलणं आत ऐकू येत होतं. मुलाचे वडील बबनराव म्हणाले, "बाकी सगळं मनासारखं आहे. पोरीच्या बापाचं मात्र आमाले नीट कळलं नाही. कोणी म्हणते मेला, कोणी म्हणते पळाला. घरचा प्रश्न आहे, म्हणून विचारतो."

चहा उकळून वर आला. मथुरानं पातेलं उतरवलं आणि ती तशीच उभी राहिली.

मग लहानूजीचा आवाज आला. "लढाईत मेला. जावात."

"लढताना?"

"हो. लढताना."

बबनराव म्हणाले, "मग त मान आहे हा. बोलवा पोरीच्या मायले."

मथुरानं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं. बांगड्या मनगटात घट्ट बसल्या होत्या. पाणी लावून ओढल्या तरी निघेनात. तिनं त्या चुलीच्या दगडावर हळूच दाबून फोडल्या, आवाज होऊ नये म्हणून वर फडकं धरलं. प्रभावती कपबशा मांडत होती. ती आईकडे पाहत राहिली. मथुरा डोक्यावर पदर घेऊन चहाचं ताट घेऊन बाहेर गेली. लग्न ठरलं.

पाहुणे गेल्यावर प्रभावती रडत म्हणाली, "माय, काहून असं केलं? आबाले खोटं बोलू द्यायचं होतं, तू कायले..."

"तुझ्या आबाचा शब्द पडला असता," मथुरा म्हणाली. मनगटावरचं रक्त सुकलं होतं, ते ती धुवायला गेली.

त्या संध्याकाळी लहानूजी जेवला नाही. बऱ्याच वर्षांनी त्यानं पोराचं नाव घेतलं. "श्रावणले पळपुटा म्हणणं मले एवढं जड गेलं नव्हतं, मथुरा. मेला म्हणणं जड गेलं." मथुरा त्याच्या अंगावर गोधडी टाकून बाजूला बसली. लग्नानंतर वर्षभरात म्हातारा वारला.

जावई चांगला निघाला. सासऱ्याचा त्याला मोठा अभिमान, सगळ्यांना सांगत फिरायचा. पासष्ट साली पाकिस्तानशी लढाई झाली, तेव्हा उमरखेडला तालुक्यातल्या शिपायांच्या घरच्यांचा सत्कार ठरला आणि धर्मपालनं तिचंही नाव दिलं. मथुरानं नको म्हणून पाहिलं. का नको, हे मात्र तिला सांगता येईना. प्रभावतीनं नजरेनंच विनवलं, तेव्हा ती तयार झाली.

मंडपात बऱ्याच बाया होत्या. एकीचा मुलगा महिन्यापूर्वीच गेला होता. ती खुर्चीवर सरळ बसूही शकत नव्हती. मथुरा तिच्या शेजारी बसली. वक्ता तावातावानं बोलत होता. जावाचा देश या लढाईत पाकिस्तानच्या बाजूनं उभा राहिला होता, त्यामुळे लोकांत चीड होती. तो म्हणाला, "या माउलीच्या पतीनं वीस वर्षांपूर्वीच त्या कृतघ्न जावावाल्यांशी लढताना प्राण दिला." टाळ्या झाल्या. मथुराच्या अंगावर शाल घालण्यात आली. तिनं हात जोडले. खाली धर्मपाल उभा राहून टाळ्या वाजवत होता, प्रभावती मांडीवरच्या लेकराकडे पाहत होती.

मागच्या रांगेत उत्तमसिंगही होता. कार्यक्रम संपल्यावर तो तिच्याजवळ आला. "चला वहिनी, माझी बैलगाडी आहे. ढाणकीले सोडतो."

उमरखेडची घरं मागे पडली. दोन्ही बाजूंना कपाशी फुलावर आली होती.

"भाऊ, ज्याईले मारायचं नव्हतं म्हणून तो पळाला, त्याईच्याच विरोधात मी आज त्याले मारून आली," मथुरा म्हणाली.

उत्तमसिंग बैलांच्या पाठीकडे पाहत राहिला. "तुमचा काय इलाज होता, वहिनी?"

"तो जिता असन काय?"

"असू शकते. केस पिकले असतील आता."

"बायको केली असन."

"केली असन त केली असन," तो अडखळत म्हणाला. "एकटा माणूस किती दिवस राहीन?"

मथुरानं शाल काढून बाजूला ठेवली, ऊन होतं. "पोरंबाळं असतील त त्याईले तो काय सांगत असन, इकडचं?"

उत्तमसिंगनं बैलांना हाकललं. पुढचा नाला उतरताना गाडी हिंदकळली, तेव्हा मथुरानं एका हातानं दांडी धरली आणि दुसऱ्या हातानं पदर ओढून डोळ्यांवर घेतला. ढाणकी येईपर्यंत तिनं तो वर केला नाही.