देवासच्या घरात माझे पणजोबा

घरी पोचायच्या आधीच हे लिहितोय.

आज सर्वपित्री. देवासला माझ्या मित्राकडे, नितीनकडे, जेवायला गेलो होतो. त्याचे बाबा तर्पण करत होते. त्यांचे वडील, आजोबा, पणजोबा झाले आणि गुरुजी म्हणाले, "आता धारचे बळवंतराव पहिलवान."

मी ताडकन उठलो. "काका, हे तर माझे पणजोबा!"

"क्या बात कर रिया है भिया!" नितीन ओरडला.

काकांनी हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाले, "रियासतीच्या काळी इथल्या कुस्त्यांच्या दंगलीत त्यांनी आमच्या आजोबांना चीत केलं. आजोबांचा खांदा निखळला. तर हा माणूस घरी परत गेलाच नाही. इथेच राहून रोज मालिश करायचा, हाताने घास भरवायचा. दिवाळीसुद्धा इथेच केली."

आमच्या घरी ती दिवाळी अजून चेष्टेचा विषय आहे. एरवी पोरांशिवाय न जेवणारे पणजोबा कुस्ती जिंकून दरबारचा पाहुणचार झोडत बसले, म्हणे! त्यांनी कधीच खुलासा केला नाही.

त्यांचं त्या कुस्तीच्या बक्षिसाचं चांदीचं कडं आम्ही कपाटात जपलंय. तर्पणाचं पाणी मात्र त्यांना आजही, जो हरला त्याच्या घरचे देतायत.

सांगा, आता घरी जाऊन त्या कड्याकडे बघू तरी कसा?